पंचेचाळीस शाखांची अट

14 जुलै 2003. रशियात या एका तारखेला दोन नियम अमलात आले. प्रत्येक घटक प्रदेशाच्या विधिमंडळातल्या (सभागृहं दोन असतील तर एकातल्या) किमान निम्म्या जागा पक्षांच्या याद्यांमधून भरायच्या, हा पहिला. दुसरा 2001 च्या पक्ष कायद्यातला. जुन्या संघटनांना नव्या अटींत बसण्यासाठी दिलेली दोन वर्षांची मुदत त्याच दिवशी संपत होती. एका प्रदेशापुरत्या काम करणाऱ्या राजकीय संघटनांना इथून पुढे उमेदवारच देता येणार नव्हते. प्रदेशाच्या विधिमंडळात पक्षांना मानाचं पान वाढलं, पण प्रदेशातल्या पक्षाला त्या पंगतीतून उठवलं.

त्यानं काय बिघडलं हे उरालमधल्या स्वेर्दलोव्स्क ओब्लास्तात (ओब्लास्त म्हणजे रशियन संघराज्यातला साधा प्रांत) सगळ्यात स्पष्ट दिसतं, कारण प्रादेशिक पक्षांचं राजकारण म्हणावं असं काही तिथे खरोखर उभं राहिलं होतं. बाकी बहुतेक प्रदेशांच्या विधिमंडळांत नव्वदच्या दशकात अपक्षांचीच भरती होती. अपक्ष म्हणजे कारखान्यांचे संचालक, जिल्ह्यांचे प्रशासक, इस्पितळांचे प्रमुख. त्यातले बरेचसे गव्हर्नरच्या मर्जीतले.

स्वेर्दलोव्स्कचं गाऱ्हाणं साधं होतं. 1992 च्या संघराज्य करारानं प्रजासत्ताकांना जे अधिकार दिले, ते ओब्लास्तांना दिले नाहीत. सव्वातीन लाख वस्तीच्या काल्मिकियाला स्वतःची राज्यघटना मिळाली आणि अवजड उद्योगांनी भरलेल्या, 45 लाखांहून जास्त वस्तीच्या स्वेर्दलोव्स्ककडे नुसतं प्रशासन राहिलं. कर जमा करून वर पाठवायचे आणि परत किती येतात याची वाट पाहायची. 25 एप्रिल 1993 च्या देशव्यापी सार्वमताबरोबर ओब्लास्तानं आपलाही एक प्रश्न मतदारांना विचारला: आपल्या प्रदेशाला प्रजासत्ताकांइतके अधिकार असावेत का? सुमारे 83 टक्के मतदारांनी होकार दिला. 1 जुलैला उराल प्रजासत्ताकाची घोषणा झाली, ऑक्टोबरअखेर त्याची घटना मंजूर झाली. 9 नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांनी ओब्लास्तची परिषद बरखास्त केली आणि दुसऱ्याच दिवशी प्रशासनप्रमुख एदुआर्द रॉसेल यांना घरी पाठवलं.

या प्रकरणात स्वातंत्र्याची मागणी कुठेच नव्हती. वेगळं चलन, वेगळं सैन्य, वेगळं नागरिकत्व यांतलं काहीही मागितलेलं नव्हतं. भांडण हिश्श्याचं होतं. दहा वर्षांनी सगळे प्रादेशिक पक्ष फुटीरतेच्या एकाच पोत्यात भरले गेले, म्हणून हे आत्ताच नोंदवून ठेवायला हवं.

पद गेलेल्या रॉसेल यांनी 'प्रेओब्राझेनिये उराला', म्हणजे उरालचा कायापालट, या नावाची संघटना काढली. तिच्या बळावर ते आधी ओब्लास्त दूमाचे (तिथल्या विधिमंडळाचे) अध्यक्ष झाले आणि 20 ऑगस्ट 1995 रोजी, येल्त्सिन यांनी नेमलेल्या अलेक्सेई स्त्राखोव यांना दुसऱ्या फेरीत हरवून, निवडून आलेले गव्हर्नर. 12 जानेवारी 1996 ला मॉस्कोनं स्वेर्दलोव्स्कशी अधिकारवाटपाचा करारही केला. ओब्लास्तांच्या पंक्तीत असा करार मिळवणारे पहिले दोनच होते, स्वेर्दलोव्स्क आणि कालिनिनग्राद. दोघांच्या सह्या एकाच दिवशी झाल्या. कालिनिनग्रादकडे पुढे वळायचंच आहे.

स्वेर्दलोव्स्कच्या विधिमंडळाची रचना नीट पाहण्यासारखी होती. दोन सभागृहं. वरच्या प्रतिनिधिगृहाचे 21 सदस्य एकेका मतदारसंघातून यायचे. खालच्या ओब्लास्त दूमाचे 28 सदस्य मात्र पूर्णपणे याद्यांवर, आख्खं ओब्लास्त एकच मतदारसंघ धरून, मतांच्या प्रमाणात निवडले जायचे. आणि दर दोन वर्षांनी निम्मे, म्हणजे 14 बदलायचे. दर दोन वर्षांनी संपूर्ण ओब्लास्तात यादीवर मतं मागायची म्हणजे संघटना हवी, नाव हवं, गावोगाव ओळखीचा चेहरा हवा. मोठं कुटुंब, एखादा कारखाना किंवा एका गावातली वट एवढ्यावर हे निभत नाही. या रचनेनंच तिथे पक्ष घडवले.

1996 च्या एप्रिलमध्ये रॉसेल यांच्या संघटनेला सुमारे 35 टक्के मतं पडली. पाठोपाठ एकातेरिनबुर्गचे महापौर आर्कादी चेर्नेत्स्की यांची 'नाश दोम, नाश गोरद' (आमचं घर, आमचं शहर) ही संघटना मोठी झाली. ओब्लास्तची राजधानी आणि ओब्लास्तचं सरकार यांच्यातली ओढाताण पैशाची होती: शहरातल्या कराचा किती हिस्सा शहरात राहायचा? म्हणजे जे गाऱ्हाणं ओब्लास्त मॉस्कोकडे मांडत होतं, तेच शहर ओब्लास्तापुढे मांडत होतं. 1998 च्या निवडणुकीत महापौरांच्या यादीला सुमारे 20 टक्के मतं मिळाली आणि गव्हर्नरांची यादी 9 टक्क्यांच्या आसपास घसरली. सत्तेवर असलेल्या गव्हर्नरचा पक्ष त्याच्याच प्रदेशात उघड निवडणुकीत आपटतो, हे नंतरच्या रशियात दिसेनासं झालं. 1999 मध्ये तिसराच गडी पुढे आला. अलेक्सांद्र बुर्कोव यांची 'माय' (मे महिना) ही चळवळ थकलेले पगार आणि घरपट्टी-पाणीपट्टीसारखी बिलं यांवर रस्त्यावर उतरलेली होती. ऑगस्टअखेरच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत बुर्कोव यांनी महापौरांना मागे टाकून दुसरी फेरी गाठली. रॉसेल जिंकले, पण गव्हर्नरपदासाठी रस्त्यावरच्या चळवळीशी झुंजावं लागलं.

हे पक्ष काही आदर्श नव्हते. 'प्रेओब्राझेनिये उराला' ही गव्हर्नरांची यंत्रणा होती, 'नाश दोम' ही महापौरांची. विचारधारा पातळ, सभासदत्व त्याहून पातळ. प्रमुख पदावर तोवर पक्ष. पण दोन यंत्रणा एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या आणि त्यांच्या फटीतून तिसरी आत शिरू शकली. मतदाराला निवड होती ती या फटीमुळे. नेत्यांच्या सद्गुणाचा त्यात काही वाटा नव्हता.

आता कायद्याकडे. 11 जुलै 2001 ला सही झालेल्या 95 क्रमांकाच्या संघीय कायद्यानं कुठेही 'प्रादेशिक पक्ष बंद' असं लिहिलं नाही. त्यानं व्याख्या दिली. पक्ष म्हणजे अर्ध्याहून अधिक घटक प्रदेशांत शाखा असलेली, किमान 10,000 सभासदांची संघटना. त्या शाखांत प्रत्येकी किमान 100 सभासद, बाकीच्या शाखांत किमान 50. तेव्हा घटक प्रदेश 89 होते, म्हणजे शाखा हव्यात 45. व्यवसाय, वंश, राष्ट्रीयत्व किंवा धर्म या पायावर पक्ष काढायला बंदी होतीच. आणि संघटनांपैकी निवडणुकीत उमेदवार देण्याचा हक्क एकट्या पक्षाला.

एकातेरिनबुर्गमधल्या संघटनेला हे पार पाडायचं असेल तर काय करावं लागे? किमान दहा जणांची संयोजन समिती करायची, न्याय मंत्रालयाला कळवायचं आणि वर्षभराच्या आत स्थापना अधिवेशन भरवायचं. अधिवेशनाला प्रतिनिधी अर्ध्याहून अधिक प्रदेशांतून हवेत. नंतर पक्षाची नोंदणी. तिथून सहा महिन्यांत 45 प्रदेशांत शाखांची वेगवेगळी नोंदणी: प्रत्येक ठिकाणी सभा, इतिवृत्त, पत्ता, सभासदांची यादी. सभासद आपल्या राहत्या प्रदेशातल्याच शाखेचा हवा. उरालमधले पाच हजार उत्साही लोक व्लादिवस्तोकच्या खात्यावर दाखवता येत नाहीत. सहा महिन्यांत 45 भरल्या नाहीत तर पक्षाचीच नोंदणी गळून पडते.

घोडं अडतं ते नेमकं इथे. एकातेरिनबुर्ग विरुद्ध ओब्लास्त, कराचा हिस्सा, उरालच्या कारखान्यांचे पगार या प्रश्नांवर मुर्मान्स्कमध्ये शंभर माणसं गोळा करायची तरी कशी? तो माणूस सभासद झालाच तर एक तर पैशानं होईल, नाही तर कागदावर. प्रश्न जितका स्थानिक, तितका तो 45 ठिकाणी विकणं अवघड. या मापानं 1963 मध्ये गोव्यात सत्तेवर आलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष नोंदणीच्या खिडकीपर्यंतही पोचला नसता.

मग संघटनांनी काय केलं? तीन वाटा होत्या. एखाद्या देशव्यापी पक्षात विरघळून त्याची स्थानिक शाखा बनायचं. एखादा दुबळा देशव्यापी पक्ष शोधून त्याचं नाव भाड्यानं घ्यायचं. किंवा निवडणूक आघाडी करायची: कागदोपत्री दोन-तीन नोंदलेले पक्ष, पण नाव आणि प्रचार पूर्णपणे स्थानिक. तिसरी वाट काही काळ बरी चालली. 2005 च्या मार्चमध्ये 'आम्ही अमूर ओब्लास्तच्या विकासासाठी' अशा नावाच्या आघाडीनं अमूरमध्ये सत्ताधारी युनायटेड रशियाच्या यादीला मागे टाकलं. त्याच वर्षी जुलैत कायदा दुरुस्त झाला आणि आघाड्याच रद्द झाल्या.

उराल सोडून आता बाल्टिकच्या किनाऱ्यावर. कालिनिनग्राद हा पोलंड आणि लिथुएनियाच्या मध्ये अडकलेला, मुख्य रशियाला न जोडलेला तुकडा. तिथे 1993 पासून बाल्टिक रिपब्लिकन पार्टी काम करत होती. ओब्लास्तला प्रजासत्ताकाचा दर्जा मिळावा ही तिची मागणी. 1 जुलै 2003 पासून तिथल्या रशियन नागरिकाला आपल्याच देशाच्या राजधानीत रेल्वेनं जाताना लिथुएनियाचं पारगमन पत्र घ्यावं लागू लागलं. हा प्रश्न रशियातल्या बाकी 88 प्रदेशांपैकी एकालाही नाही. त्यावर 45 शाखांचा पक्ष कोण काढणार? नव्या अटींत न बसल्यामुळे 2003 मध्ये या पक्षाविरुद्ध विसर्जनाचा निकाल लागला आणि पक्ष घटना न्यायालयात गेला.

1 फेब्रुवारी 2005 चा निकाल पक्षाच्या विरोधात गेला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: रशियन समाजाला लोकशाहीचा पक्का अनुभव अजून नाही, फुटीर, राष्ट्रवादी आणि दहशतवादी शक्तींचं आव्हान मोठं आहे, अशा वेळी आपल्याच प्रदेशाचं हित पाहणारे पक्ष देशाची अखंडता धोक्यात आणू शकतात. पण निकालात आणखीही एक गोष्ट होती. हे बंधन तात्पुरतं आहे आणि ज्या परिस्थितीमुळे ते घातलं ती सरली की ते उठायला हवं. किती वर्षांनी, कोणी तपासायचं, कशावरून ठरवायचं, यातलं काहीच त्यात नव्हतं. मुदत न घातलेला 'तात्पुरता' कायमचाच ठरतो, हे कोणत्याही सरकारी कचेरीत चार हेलपाटे घातलेल्याला ठाऊक असतं.

न्यायालयाची भीती अगदीच हवेतली होती असं मात्र म्हणता येत नाही. साम्यवादी संघराज्यांचा ताजा इतिहास समोर होता. युगोस्लावियात 1990 मध्ये बहुपक्षीय निवडणुका झाल्या त्या प्रजासत्ताकानिहाय. संघराज्यासाठी तशी निवडणूक झालीच नाही, त्यामुळे संपूर्ण देशाच्या वतीनं बोलणारा निवडून आलेला कोणी उरलाच नाही. चेकोस्लोवाकियात जून 1992 च्या निवडणुकीत चेक भागात एक पक्ष जिंकला, स्लोवाक भागात दुसरा, आणि दोघांना जोडणारा दमदार पक्ष नव्हता. वर्षअखेर देशाचे दोन झाले. सगळीकडे हात असलेले पक्ष संघराज्य बांधून ठेवतात, हे खरंच. पण त्या उदाहरणांवरून फार तर एवढं ठरतं की देशव्यापी पक्षांना बळ द्यावं. प्रादेशिक पक्ष नोंदवूच नयेत, हे त्यातून निघत नाही. शिवाय दोन किंवा सहा तुकड्यांच्या संघराज्याची धास्ती 89 तुकड्यांच्या, त्यातही बहुसंख्य रशियनभाषक ओब्लास्तांच्या संघराज्याला लावणं हे मापच चुकलेलं होतं.

दरम्यान फास आवळत गेला. 1 ते 3 सप्टेंबर 2004 च्या बेस्लानच्या शाळेवरच्या हल्ल्यानंतर दहा दिवसांनी पुतिन यांनी गव्हर्नरच्या थेट निवडणुका बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. डिसेंबरात कायदा झाला. त्याच महिन्यात पक्षाची किमान सभासदसंख्या 10,000 वरून 50,000 वर गेली, अर्ध्याहून अधिक शाखांत प्रत्येकी 500 आणि बाकी ठिकाणी 250. मुदत 1 जानेवारी 2006. आता प्रादेशिकच काय, छोटे देशव्यापी पक्षही जाळ्यात आले. व्लादिमिर रिझकोव यांच्या रिपब्लिकन पार्टीची सभासदगणती सरकारनं केली, आकडे भरत नाहीत असं ठरवलं आणि मार्च 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पक्ष विसर्जित केला. त्याआधी तिचा पत्ता आणि पदाधिकारी यांतले बदल नोंदवायलाही नकार मिळाला होता, अधिवेशनाचे कागद नीट नाहीत या कारणानं. छोट्या पक्षाला संपवायला बंदीहुकूम लागत नाही. तपासनीस, सभासदयादी आणि एक चुकलेलं इतिवृत्त एवढ्यात काम होतं.

12 एप्रिल 2011 ला स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयानं या प्रकरणात रशियाविरुद्ध निकाल दिला. संघटनास्वातंत्र्याचा भंग झाला, आणि प्रादेशिक पक्षांवर बंदी घालणारे देश युरोप परिषदेत अगदी मोजकेच आहेत, असं त्यात नोंदवलं. एखादा पक्ष खरोखर धोकादायक असेल तर त्याची कृती पाहून त्याच्यापुरती कारवाई करा, सगळ्यांना आधीच दाराबाहेर ठेवू नका, हा त्यातला मुद्दा. त्या वेळी रशियात नोंदलेले पक्ष फक्त सात उरले होते.

डिसेंबर 2011 च्या निवडणुकीनंतर मॉस्कोत मोठी निदर्शनं झाली आणि एप्रिल 2012 मध्ये कायदा सैल झाला. सभासदांची अट 40,000 वरून थेट 500 वर! दोन वर्षांत पक्षांची संख्या सत्तरच्या वर गेली. प्रदेशांची अट मात्र राहिली. 'अर्ध्याहून अधिक' ऐवजी 'किमान निम्म्या' प्रदेशांत शाखा, असा शब्द बदलला. विलीनीकरणांमुळे तेव्हा घटक प्रदेश 83 होते. अर्ध्याहून अधिक म्हणजे 42, आणि किमान निम्मे म्हणजेही 42. एका शाखेत जेमतेम बारा माणसं असली तरी चालेल, पण शाखा 42 हव्यातच. पक्ष मोठा हवा, त्याला समाजात मुळं हवीत, हा युक्तिवाद दहा वर्षं ऐकवला गेला होता. आकार 80 पटींनी खाली आणला आणि विस्तार जागचा हलवला नाही, तेव्हा मूळ हेतू काय होता ते त्या हिशेबातच उघडं पडलं. बाराशे सभासद एकाच शहरात असलेली जिवंत संघटना पक्ष नाही. 42 गावांत बारा-बारा नावं टाकलेली फाईल मात्र पक्ष.

मग प्रदेशातले बडे लोक कुठे गेले? कुठेच नाही. तातारस्तानचे मिंतिमेर शायमियेव 2001 मध्येच युनायटेड रशियाच्या सहअध्यक्षांपैकी एक झाले. उरालचे रॉसेल त्याच पक्षात गेले, 2005 मध्ये मॉस्कोच्या नेमणुकीनं पुन्हा गव्हर्नर झाले, 2009 मध्ये पायउतार होऊन संघ परिषदेत, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, सदस्य म्हणून बसले. एकेकाळचे त्यांचे कट्टर वैरी चेर्नेत्स्की 2010 मध्ये त्याच परिषदेत, त्याच पक्षाकडून दाखल झाले. 1998 मध्ये जी लढत मतदारांसमोर होत होती, ती आता एकाच पक्षाच्या बंद खोलीत मिटवली जाऊ लागली. कायद्यानं प्रदेशातला दादा संपवला नाही, त्याला मॉस्कोच्या पगारावर घेतलं. संपली ती मधली फट. बुर्कोव यांनी दुसरी वाट धरली: 'अ जस्ट रशिया' या क्रेमलिनला चालणाऱ्या विरोधी पक्षातून ते 2017 मध्ये ओम्स्कचे हंगामी गव्हर्नर झाले. रस्त्यावरून आलेला माणूसही शेवटी वरून मिळालेल्या खुर्चीवरच बसला.

प्रश्न मात्र विरघळत नाहीत. 30 जानेवारी 2010 ला कालिनिनग्रादमध्ये वाहतूक कर आणि महागाईवरून सुमारे दहा हजार लोक रस्त्यावर आले आणि मॉस्कोनं पाठवलेले गव्हर्नर गेओर्गी बोस यांचा राजीनामा मागू लागले. त्यांची मुदत त्या वर्षी वाढवली गेली नाही. पक्ष असता तर हाच राग विधिमंडळात दोन-चार जागांच्या रूपानं मोजता आला असता. नसल्यामुळे तो चौकात डोकी मोजून कळला.

2012 मध्ये गव्हर्नरच्या निवडणुका परत आल्या, पण गाळणी लावून: उमेदवारानं तीन चतुर्थांश पालिकाक्षेत्रांत पसरलेल्या, एकूण 5 ते 10 टक्के नगरसेवकांच्या सह्या आणायच्या. नगरसेवक बहुतेक युनायटेड रशियाचे. एकातेरिनबुर्गचे लोकप्रिय महापौर येवगेनी रोइझमान यांना 2017 मध्ये याब्लोको पक्षाचं तिकीट मिळालं, पण या गाळणीतून ते पार झाले नाहीत. पुढच्या वर्षी शहराच्या महापौरपदाची थेट निवडणूकही गेली.

आणि अतिपूर्वेचं खबारोव्स्क. सप्टेंबर 2018 मध्ये तिथल्या मतदारांनी युनायटेड रशियाच्या गव्हर्नरला पाडून एलडीपीआरच्या सेर्गेई फुर्गाल यांना जवळजवळ 70 टक्के मतं दिली. पुढच्या वर्षी प्रादेशिक दूमाच्या 36 पैकी 30 जागाही त्याच पक्षाला. एलडीपीआर हा मॉस्कोतून चालणारा, राष्ट्रवादी घोषणांचा पक्ष. अतिपूर्वेच्या गाऱ्हाण्यांशी त्याचं काही खास नातं नव्हतं. लोकांनी हाताला लागलेला नोंदणीकृत शिक्का उचलला आणि त्याखाली आपला प्रदेश भरला. 9 जुलै 2020 ला फुर्गाल यांना जुन्या खुनांच्या आरोपाखाली अटक करून मॉस्कोला नेलं तेव्हा खबारोव्स्कमध्ये हजारो लोक आठवड्यामागून आठवडे चालत राहिले. भाड्याच्या पक्षाचा स्वभाव तेव्हा कळला: क्रेमलिननं त्यांच्या जागी एलडीपीआरचाच माणूस नेमला, मिखाईल देग्त्यारेव, जो खबारोव्स्कचा नव्हता. पक्षानं ती नेमणूक स्वीकारली. घरमालक मॉस्कोत होता आणि रस्त्यावरच्या मोर्चात नाव भाडेकरूचं होतं.